पहिली ऐतिहासिक फँटसी, तीही क्विअर प्रेमकथेची: वाचायला बसण्याआधी

बडोद्यातल्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला ऐतिहासिक कादंबरी शिकवावी लागत नाही. कपाटात ‘स्वामी’ असते, ‘मृत्युंजय’ असते, एखाद्या आजोबांकडे नाथमाधवांचं पानं सुटलेलं ‘वीरधवल’ही निघतं. राघोबादादा आणि कर्ण आपल्याला चुलत्यांइतके ओळखीचे. गाडी अडते ती पुढे. कुणीतरी जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात देतं. मुखपृष्ठावर तलवार, आत चौदाव्या शतकातला चीन नाहीतर ट्रॉयचं युद्ध, मध्येच भुतं आणि देव, आणि प्रेमात पडलेले दोघंही पुरुष किंवा दोघीही बायका. पन्नासेक पानं होतात आणि पुस्तक उशाखाली जातं ते जातंच.

सोडणाऱ्यांची कारणं साधारण सारखीच असतात. नावं लक्षात राहत नाहीत, जादूचे नियम कळत नाहीत, आणि या प्रेमाकडे नक्की कसं बघायचं ते सुचत नाही. तिन्ही अडचणी सुटण्यासारख्या आहेत. मात्र आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा: अशा कादंबरीत दोन माणसांचं प्रेम हे राज्य मिळवण्याइतकंच जोखमीचं काम असतं, आणि बहुतेक वेळा दोन्ही जोखमी एकाच माणसाच्या डोक्यावर असतात. एवढा धागा हातात धरलात की बाकीचं मागून येतं.

कोणतं पुस्तक घ्यायचं

पहिल्यांदा वाचणाऱ्याने मालिकेत उतरू नये. एका खंडात संपणारी, आणि मूळ गोष्ट थोडीफार ऐकलेली असेल अशी कादंबरी घ्यावी. या दोन्ही अटींत बसतं ते मॅडलिन मिलर यांचं ‘द साँग ऑफ अकिलीस’ (२०११). याला २०१२चं ऑरेंज प्राइझ मिळालं. गोष्ट ट्रॉयच्या युद्धाची, सांगणारा पॅट्रोक्लस. तो हद्दपार झालेला राजपुत्र, आणि त्याचं प्रेम ग्रीकांच्या सर्वांत मोठ्या योद्ध्यावर, अकिलीसवर. देव आहेत, पण ते आपल्या पुराणातल्या देवांसारखेच: मधूनच येतात, नाराज होतात, निघून जातात. अकिलीसची आई समुद्रदेवता आहे आणि तिला पॅट्रोक्लस मुळीच आवडत नाही. ही सासू मराठी वाचकाला पहिल्या भेटीतच कळते.

जरा दमदार काही हवं असेल तर शेली पार्कर-चॅन यांचं ‘शी हू बिकेम द सन’ (२०२१) घ्या. माझी शिफारस हीच. २०२२चा ब्रिटिश फँटसी पुरस्कार याला आहे. पुढचा भाग ‘ही हू ड्राउन्ड द वर्ल्ड’ २०२३ला आला आणि गोष्ट तिथे संपली. म्हणजे दोनच पुस्तकं, दहा भागांचं कर्ज नाही. खालची बरीच उदाहरणं मी याच कादंबरीतून देणार आहे, कारण अडायच्या सगळ्या जागा यात सापडतात. समॅन्था शॅनन यांचं ‘द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री’ (२०१९) राण्या, ड्रॅगन आणि दोन स्त्रियांचं प्रेम यांनी भरलेलं आहे, पण आठशेच्या वर पानं आहेत. ते तिसरं किंवा चौथं म्हणून ठेवा.

विकत घेण्याआधी ई-पुस्तकाचा फुकट मिळणारा नमुना वाचा, किंवा दुकानात उभ्याउभ्या पहिलं प्रकरण. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नका, तिथे सगळीच पुस्तकं थोर असतात. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतही चौकशी करून बघा. सयाजीरावांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून बडोद्याची ग्रंथालयं उभी केली, आणि तिथल्या पुस्तकांच्या माडीला खालपर्यंत उजेड यावा म्हणून काचेची जमीन आहे. नवी फँटसी मिळो न मिळो, ती माडी बघायला जायला हरकत नाही.

एक संध्याकाळ इतिहासाला द्या

जास्त नको, एकच. ‘शी हू बिकेम द सन’साठी एवढं पुरे: चीनवर मंगोलांचं युआन घराणं राज्य करत होतं. दुष्काळ आणि साथींनी मुलूख उजाड झाला होता. अशा काळात १३२८ला जन्मलेला झू युआनझांग नावाचा शेतकऱ्याचा पोर, घरचे उपासमारीने आणि रोगराईने गेल्यावर बौद्ध मठात नवशिक्या भिक्षू म्हणून राहिला, भीक मागत फिरला, मग लाल पागोटेवाल्या बंडखोरांना मिळाला. १३५६ला त्याने नानजिंग घेतलं. १३६३ला पोयांग सरोवरावरच्या प्रचंड नाविक लढाईत प्रतिस्पर्ध्याला संपवलं. १३६८ला तो मिंग घराण्याचा पहिला सम्राट झाला.

आता कादंबरीकाराने काय केलं ते बघा. गोष्ट १३४५च्या दुष्काळात सुरू होते. ज्योतिषी सांगतो, या घरातला मुलगा मोठेपणाला पोचेल. मुलीच्या नशिबात काय, तर काही नाही. मग तो मुलगाच मरतो, आणि बहीण त्याचं नाव घेऊन, त्याचं नशीबही घेऊन, मठाच्या दारात जाऊन उभी राहते. इतिहासातला झू तेव्हा सतरा वर्षांचा असता, कादंबरीतली ही मुलगी अजून लहान आहे. तारखा सरकवल्या आहेत आणि त्या मुद्दाम सरकवल्या आहेत. हे आधी माहीत असलं की ‘इथे चुकलंय’ म्हणून पेन्सिल उचलायचा मोह आवरतो.

इतिहास वाचताना एक पथ्य पाळा: घराणं आणि लढाई यांच्यापलीकडे जाऊ नका. एकेका पात्राचं नाव मोबाइलवर शोधायला बसलात तर कोण कधी मरतं ते तिसऱ्या ओळीत कळतं. मोठा शेवट माहीत असल्याने मात्र काही बिघडत नाही. ज्या १४ जानेवारीला आपण गच्चीवर पतंग कापून ‘काप्यो छे’ ओरडतो, त्याच तारखेला १७६१मध्ये पानिपत झालं. विश्वासराव पडणार हे मराठी वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, तरी तो वाचतोच. आपले दमाजीराव गायकवाड त्या रणातून परत आले, म्हणून बडोद्यात ही गोष्ट जरा घरची वाटते एवढंच.

नावांची वही

चिनी नावात आडनाव आधी येतं. झू हे घराण्याचं नाव, पुढचं ते त्या माणसाचं. आणि हुद्दा बदलला की नावही बदलू शकतं. याची धास्ती घेऊ नका. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा गोपाळराव १८७५मध्ये दत्तक आला आणि सयाजीराव झाला, हे आपण शाळेत असताना एका ओळीत पचवलं आहे.

वहीचं एक पान पुरतं. प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी लिहा: कुणाच्या बाजूचा, कुणाला घाबरतो, कुणाकडे बघतो. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहील, राहू द्या. नकाशा आणि वंशावळ पहिल्या पानांवर असतात, त्यांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. रात्री पडून वाचताना पाचशे पानांचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडणं मनगटाला मानवत नाही.

जादूचं काय करायचं

ती कुणाकडे आहे, तिची किंमत काय, आणि ती आहे हे कुणाला माहीत आहे? प्रत्येक चमत्काराला हे तीन प्रश्न विचारा, बाकी सोडून द्या. कर्णाची कवचकुंडलं आठवा. ती कशी चालतात हे आपण कधी विचारलं नाही, ती काढून देताना काय गेलं ते मात्र कुणी विसरत नाही. ‘शी हू बिकेम द सन’मध्ये जादू अगदी मोजकी आहे: नायिकेला भुतं दिसतात, आणि ज्याला स्वर्गाने राज्याचा अधिकार दिला त्याच्या हातात खरोखरीची ज्योत पेटते. म्हणजे सिंहासनाचा हक्क डोळ्यांना दिसतो. पण भावाचं नाव घेऊन जगणाऱ्या बाईच्या हातात ती ज्योत पेटेल का? कादंबरीतली निम्मी धडधड या प्रश्नात आहे.

आता प्रेमाकडे

इथे सावकाश चला.

पहिली गोष्ट, त्या काळातली पात्रं स्वतःला आजची नावं लावत नाहीत. कुणी समोर बसून ‘मी गे आहे’ असं सांगणार नाही. त्यामुळे संवादांइतकंच हातांकडे लक्ष ठेवा. चिलखताचे बंद कोण बांधतो, जखम धुवायला कुणाला आत येऊ दिलं जातं, सगळे वाकून उभे असताना नजर वर कोण करतो. दरबारी जगात स्पर्शालाही दर्जा असतो आणि तो मोडला की दोघांनाही भोगावं लागतं.

उदाहरण म्हणून ‘शी हू बिकेम द सन’मधला सेनापती ओयांग घ्या. मंगोलांच्या बाजूने लढणारा हा माणूस जन्माने त्यांच्यातला नाही. लहानपणी त्याच्या सगळ्या घराण्याची कत्तल झाली, त्याला खच्ची करून गुलाम म्हणून जिवंत ठेवलं. ज्याने हे केलं त्याच्याच मुलाच्या, एसेनच्या, बाजूला तो आता घोडा चालवतो. एसेन त्याला जिवलग मानतो, सगळ्यांसमोर खांद्यावर हात टाकतो, आणि आपल्या मित्राच्या मनात काय चाललंय याचा त्याला पत्ता नाही. ओयांगला त्याच्यावर प्रेमही आहे आणि त्याच्या घराण्यावर सूडही घ्यायचा आहे. असे प्रसंग दोनदा वाचा. पहिल्यांदा एसेनच्या बाजूने, म्हणजे दोन मित्र बोलताहेत, हसताहेत. दुसऱ्यांदा ओयांगच्या बाजूने. वाक्यं तीच असतात, पण दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रेमळ शब्द त्याला कुठे लागतो ते दिसतं. शारीरिक जवळीक जवळजवळ नसतानाही ही पुस्तकातली सगळ्यात तापलेली जोडी आहे, असं माझं मत.

झू आणि मा शियूयिंग यांचं नातं उलट्या वाटेचं. इतिहासातली मा ही बंडखोर सरदाराची मानलेली मुलगी, पुढे मिंग घराण्याची पहिली सम्राज्ञी. कादंबरीतली मा स्वतःच्या मनाने चालणारी आहे, आणि पुरुषाच्या कपड्यांत वावरणाऱ्या झूचं खरं रूप तिच्यापासून लपून राहत नाही. इथे कळीचा प्रश्न ‘प्रेम आहे का’ हा नाही, तो लवकर सुटतो. राज्यासाठी झू काय काय करायला तयार आहे, आणि ते बघूनही मा सोबत राहील का, हा खरा पेच. महत्त्वाकांक्षी माणसाशी संसार करणाऱ्या कुणालाही तो परका वाटणार नाही.

आता एक शंका हमखास निघते, गप्पांत तर निघतेच: ‘त्या काळी असलं काही होतं का? हे आजचं मागे नेऊन चिकटवलंय.’ वाद घालत बसू नका, बाबर काढा. आपल्या आत्मचरित्रात तो स्वतः लिहितो की सतराअठरा वर्षांचा असताना छावणीच्या बाजारातल्या बाबुरी नावाच्या मुलावर त्याचा जीव जडला. तो समोर आला की लाजेने मान वर होत नसे, बोलणं तर दूरच. त्याच सुमारास त्याचं नवं लग्न झालेलं होतं. बायकोकडे जायला तो इतका संकोचायचा की शेवटी आई रागावून त्याला पाठवायची. हे कुणा कादंबरीकाराने रचलेलं नाही. रोमन सम्राट हेड्रियनचा प्रिय अँटिनोअस इ. स. १३०मध्ये नाईल नदीत बुडाला, तर त्याच्या नावाने शहर वसवलं गेलं. अकिलीस-पॅट्रोक्लसबद्दल होमर स्पष्ट काही म्हणत नाही, पण दोघांच्या अस्थी एकाच कलशात ठेवाव्यात हे मागणं ‘इलियड’मध्येच आहे, आणि प्लेटोच्या काळापर्यंत त्यांना प्रेमी म्हणून ओळखत होते. घरचंच हवं असेल तर शिखंडी आहे, विराटाच्या वाड्यात उत्तरेला नाच शिकवणारी बृहन्नडा आहे. मेहसाणा जिल्ह्यात बहुचराजीला हिजडा समाजाची देवी आहे आणि गुजरातेतली साधी गृहस्थ माणसंही तिथे नवस फेडायला जातात. तेव्हा इतिहासात असे लोक होते का, हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. ते सगळं दरबारी कागदांत कोण लिहून ठेवणार होतं, हा प्रश्न जास्त कामाचा, आणि या कादंबऱ्या नेमक्या त्या न लिहिलेल्या जागेत शिरतात.

डोळा तयार व्हायला आणखी एक सोपा उपाय आहे, तोही बडोद्याचाच. भूपेन खख्खर १९६२मध्ये इथे आले, हिशेबनीस म्हणून नोकरी करत चित्रं काढत राहिले, आणि पुढे आपलं समलिंगी असणं उघडपणे कॅनव्हासवर आणलं. त्यांचं १९८१चं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. मोबाइलवर मोठं करून बघा. बाल्कनीत एक नागडा माणूस उभा, आणि खाली गावात गाढव, बाप आणि मुलगा यांची आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली गोष्ट चालू आहे. जुनी, सगळ्यांची गोष्ट खाली, आणि एका माणसाचं स्वतःचं गुपित वर, एकाच चौकटीत. अकिलीसची कादंबरी याच रीतीने रचलेली आहे: युद्ध जगाला माहीत असलेलं, बघणारे डोळे मात्र पॅट्रोक्लसचे.

शृंगाराचे प्रसंग वाचायला अवघड वाटले तर चार पानं उलटा, गोष्ट सुटत नाही. हिंसेबद्दल मात्र आधीच चौकशी करा. उपासमार, अंगच्छेद, लहान मुलांचे मृत्यू हे ‘शी हू बिकेम द सन’मध्ये आहे आणि ते मऊ करून सांगितलेलं नाही. अकिलीसची गोष्ट रडवते. मन आधीच जड असेल त्या आठवड्यात ती घेऊ नका.

आणि कृपा करून हे पुस्तक दुसऱ्यांबद्दल सहानुभूती शिकण्याचा धडा म्हणून वाचू नका. माधवराव आणि रमाबाई आपण कुठे धडा म्हणून वाचले होते? ज्याला ही गोष्ट स्वतःची वाटते त्याला सहानुभूतीचा तो सूर लगेच ऐकू येतो.

इंग्रजी, वेग आणि घर

आपल्याकडे बरेच जण घरी मराठी, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी, असे वाढतात. वाचायचा वेग त्यामुळे पुढेमागे होतो. इंग्रजी जड जात असेल तर ऑडिओबुक लावून पुस्तक समोर धरा, नावांचे उच्चारही आपोआप बसतात. शब्दकोश प्रकरण संपल्यावरच उघडा. आणि नवरात्रात सुरुवात करू नका. गरब्याहून पहाटे आलेला माणूस युआन दरबाराचं राजकारण वाचत नाही.

तरीही अंतर फार वाटलं तर आधी मराठीतच हात बसवा. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक आणि सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) घ्या. दुसरीत एकाच घरातले भाऊ आणि बहीण, दोघंही घरात भाड्याने राहायला आलेल्या तरुणाच्या प्रेमात पडतात. त्यात जादू नाही, राजे नाहीत, पुस्तकही छोटं. पण न बोललेलं कसं वाचायचं ते यातून येतं, आणि घर अगदी ओळखीचं असल्यामुळे पटकन येतं.

घरी कुणी विचारलंच, ‘एवढं काय वाचतेयस गं?’ तर विषय सांगू नका, गोष्ट सांगा. ‘एक मुलगी मेलेल्या भावाचं नाव घेते आणि राजा होते.’ आजीसुद्धा पुढे काय झालं विचारेल. पुढचं किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, सगळं सांगायचं बंधन कुणावर नाही. मुखपृष्ठावरून प्रश्न नको असतील तर ई-रीडर बरा, नाहीतर वर्तमानपत्राचं कव्हर आहेच.

तीनचार जणांनी मिळून वाचलं तर पुस्तक संपण्याची शक्यता वाढते. आठवड्याला ठरावीक प्रकरणं, रविवारी सकाळी कमाटीबागेत भेट, नंतर शेवउसळ. नियम एकच ठेवा, पुढचं वाचलेल्याने गप्प बसायचं. गटात प्रत्येकाने एक प्रसंग निवडून वाचून दाखवावा आणि त्यात सत्ता कुणाच्या हातात आहे एवढंच सांगावं. पहिल्याच भेटीत भांडण होतं. होऊ द्या.

संपल्यावर

मागे लेखकाची टिपणं असतील तर ती आता वाचा, आधी नाही. मग झू युआनझांगचं चरित्र कुठेही उघडा आणि आपल्या वहीशी ताडून बघा. कोणती माणसं खरी होती, कुणाला कादंबरीने दुसरा जन्म दिला, हे शोधण्यात एक आख्खा रविवार जातो. वहीतला तिसरा रकानाही एव्हाना भरलेला असेल.

शंभर पानांनंतरही पुस्तकाने धरलं नाही तर परत करा आणि दुसरं घ्या. अकिलीस न आवडलेल्याला झू आवडते, आणि उलटही होतं. धरलंच, तर पुढचा भाग लगेच उघडू नका. तो जास्त जाड आहे, जास्त काळोखा आहे, आणि त्यात नव्या माणसांना वही पुन्हा पहिल्यापासून लागते. मध्ये एखादं हलकं पुस्तक होऊ द्या.